काळ्या पडद्यावरची झाशी

यंदाच्या अंकाचा विषय 'शोध' आहे असं संपादकांनी कळवलं, आणि मी झाशीला जायचं ठरवलं. झाशीत शोधण्यासारखं पुष्कळ आहे. किल्ला आहे, राणीमहाल आहे, लक्ष्मीतलावाकाठी राजे गंगाधररावांची छत्री आहे, आणि ज्या गणेश मंदिरात १८४२ साली त्यांचं मनकर्णिकेशी, म्हणजे राणी लक्ष्मीबाईंशी, लग्न झालं असं सांगतात, ते मंदिरही आहे. नारोशंकरांपासून नेवाळकरांपर्यंतच्या कारभाराबरोबर आलेली मराठी घराणी आजही या गावात आहेत. मला मात्र झाशी मजकुरात शोधायची होती. हाताशी होती ती संगणकाच्या काळ्या पडद्यावर, एका ओळीत हुकूम टंकून चालवायची जुनी हत्यारं: ग्रेप, सेड, ऑक, सॉर्ट, डिफ. चित्रं नाहीत, बटणं नाहीत, माऊस लागत नाही. एका बाजूनं मजकूर आत जातो आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर येतो. जगभर ही हत्यारं रोज वापरणारी मोठी बिरादरी आहे. मराठीत त्यांच्याविषयी फार लिहिलं गेलेलं नाही, आणि मराठी मजकुराला त्यांची फार गरज आहे.

कचहरीतला झ

झाशीच्या कचहरीच्या आसपास टंकलेखकांची टेबलं लागतात. प्रतिज्ञापत्रं, अर्ज, करारनामे, वारसाचे दाखले. पूर्वी तिथं रेमिंग्टनची यंत्रं खडखडत असत, आता संगणक आणि छोटे प्रिंटर आहेत. बोटं मात्र अजून रेमिंग्टनचीच आहेत. 'कृतिदेव' नावाच्या फॉन्टनं टंकलेखन यंत्राची जुनी रचना जशीच्या तशी संगणकावर आणली, आणि उत्तर भारतात टंकलेखन शिकलेल्या माणसांच्या पिढ्या त्याच रचनेवर घडल्या.

कृतिदेव प्रत्यक्षात काय करतो ते समजून घेण्यासारखं आहे. फाइलमध्ये देवनागरी नसतेच, असतात इंग्रजी अक्षरं. 'जे' या इंग्रजी अक्षराच्या जागी फॉन्ट 'र' चं चित्र दाखवतो, 'के' च्या जागी काना, 'यू' च्या जागी 'न' आणि 'एच' च्या जागी दीर्घ वेलांटी. म्हणजे जे-के-यू-एच असं टंकलं की डोळ्यांना 'रानी' दिसते. फॉन्ट काढून घेतला की ती निरर्थक इंग्रजी अक्षरं उरतात. ज्या संगणकावर कृतिदेव नाही, त्यावर ते प्रतिज्ञापत्र कुणालाच वाचता येत नाही, आणि शोधताही येत नाही.

आणि 'झ'? कृतिदेवमध्ये 'झ' म्हणजे 'पेक्षा मोठे' हे गणितातलं चिन्ह. त्यामुळे या गावाच्या कागदांत गावाचं नाव त्या चिन्हानं सुरू होतं. काळ्या पडद्यावर त्याच चिन्हाचा अर्थ अगदी वेगळा आहे: 'जे निष्पन्न होईल ते पुढे दिलेल्या नावाच्या फाइलमध्ये लिही.' कृतिदेवमधली 'झांसी' कुणी अवतरणचिन्हांत न घालता तशीच हुकमात टंकली, तर शोध होत नाही. उलट के-ए-एल-एच अशा नावाची नवी फाइल तयार होते, आणि त्या नावाची फाइल आधीपासून असेल तर तिच्यातला मजकूर पुसला जातो. या हत्यारांसोबत काम करणारा माणूस अवतरणचिन्हांबद्दल इतका काटेकोर का असतो, ते यावरून कळावं.

कृतिदेवचा मजकूर खऱ्या देवनागरीत, म्हणजे युनिकोडमध्ये आणणं हे 'सेड' चं खास काम. सेड मजकूर ओळीओळीनं वाचतो आणि 'हे दिसलं तर त्या जागी ते घाल' असे नियम क्रमानं लावतो. इथं क्रमाला फार महत्त्व आहे. कृतिदेवमध्ये 'भ' दोन किल्ल्यांनी होतो: मोठा एच म्हणजे अर्धा भ, आणि के म्हणजे त्याचा दंड. तोच के सुटा आला की काना. 'भारत' लिहिताना एच-के-के असे तीन ठोके पडतात. म्हणून आधी एच-के या जोडीचा 'भ' करायचा आणि मग उरलेल्या के चा काना. नियम उलट क्रमानं लावले तर जोडीतला के आधीच काना होऊन जातो आणि 'भ' कधीच जुळत नाही.

त्याहून अवघड आहे ऱ्हस्व वेलांटी. टंकलेखन यंत्रावर ती अक्षराच्या आधी ठोकली जाते, कारण कागदावर ती डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमानं, व्यंजनानंतर येते. म्हणजे प्रत्येक ऱ्हस्व वेलांटी उचलून पुढच्या व्यंजनापलीकडे न्यायची. 'स्थिती' सारखा शब्द असेल तर तिला पूर्ण जोडाक्षर ओलांडायला लावायचं. रफाराचं नेमकं उलटं: तो अक्षरानंतर टंकलेला असतो, त्याला मागं आणून अक्षराच्या आधी बसवायचं. हे सगळं जमलं तरी कागदात मध्येच इंग्रजीत लिहिलेला दाव्याचा क्रमांक असतो. कोणता भाग कोणत्या फॉन्टमध्ये होता ही खूण साध्या मजकुरात उरत नाही, त्यामुळे त्या इंग्रजी अक्षरांचीही देवनागरी होऊन बसते. असे अपवाद माणसालाच डोळ्यांनी पकडावे लागतात.

हॅमिल्टन की मॅडिसन

मजकुरात शोध घेणाऱ्या ग्रेपचा जन्म साहित्याच्या एका प्रश्नातून झाला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत युनिक्स ही प्रणाली घडत होती. तिथल्या ली मॅकमॅहन यांना 'फेडरलिस्ट' निबंधांचा अभ्यास करायचा होता. १७८७-८८ मध्ये अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूनं लिहिलेले हे ८५ निबंध हॅमिल्टन, मॅडिसन आणि जॉन जे यांनी एकाच टोपणनावानं छापले होते, आणि त्यांतल्या काहींचा लेखक कोण यावर वाद होता. तेव्हाच्या 'ईडी' या संपादन-हत्याराच्या स्मृतीत एवढा मजकूर मावेना. केन थॉम्सन यांनी ईडीमधला शोधाचा भाग तेवढा सुटा करून दिला. तो अख्खी फाइल स्मृतीत धरत नाही. एक ओळ वाचतो, नमुना जुळला तर दाखवतो, ओळ सोडून देतो. पन्नास वर्षांनंतरही ग्रेप याच रीतीनं चालतो, म्हणूनच तो कितीही मोठ्या फाइलपुढे डगमगत नाही. सेड नंतर मॅकमॅहन यांनीच लिहिला. १९७७ साली अहो, वाइनबर्गर आणि कर्निहन यांनी ऑक आणला. ऑक ओळीतले रकाने ओळखतो आणि त्यांच्यावर हिशेबही करतो.

फेडरलिस्टच्या वादावर १९६४ मध्ये मोस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी वेगळा मार्ग काढला होता. त्यांनी मोठ्या, अर्थवाही शब्दांकडे न बघता लेखकाच्या हातून नकळत पडणारे छोटे शब्द मोजले. एक साधं इंग्रजी शब्दयोगी अव्यय हॅमिल्टन वारंवार वापरत होता आणि मॅडिसन क्वचितच. अशा मोजणीवरून वादातले १२ निबंध मॅडिसनच्या बाजूला गेले.

गोडसे भटजींची दोन पुस्तकं

आता झाशीकडे. १८५७ मध्ये पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे दानदक्षिणेच्या आशेनं काकांबरोबर उत्तरेला निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. १८५८ च्या मार्च-एप्रिलमध्ये सर ह्यू रोजनं झाशीला वेढा घातला तेव्हा ते शहरात होते. त्यांनी पुढे लिहिलेला 'माझा प्रवास' हा त्या वेढ्याचा मराठीतला प्रत्यक्षदर्शी वृत्तांत. भारताचार्य चिंतामण विनायक वैद्य यांनी तो १९०७ साली छापला, पण छापताना भाषेत आणि मजकुरात फेरफार केले. मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ साली दत्तो वामन पोतदारांनी आणली. तेव्हा आपल्यापुढे एकाच पुस्तकाची दोन रूपं आहेत, आणि प्रश्न फेडरलिस्टच्या जातीचाच आहे: यात भटजींचा हात कुठला आणि वैद्यांचा कुठला?

दोन मजकुरांतला फरक दाखवायला 'डिफ' आहे. डग्लस मॅकिलरॉय यांनी तो १९७० च्या दशकात घडवला. पण डिफ ओळींची तुलना करतो, आणि छापील गद्यातल्या ओळी कुठं तुटतात ते कागदाच्या रुंदीवर ठरतं. म्हणून मी दोन्ही आवृत्त्यांतला वेढ्याचा भाग माझ्यापुरता टंकून काढला आणि प्रत्येक वाक्य स्वतंत्र ओळीवर आणलं. तरी पहिल्या तुलनेत पडदा भरून फरक आले. त्यातला पुष्कळ भाग अनुस्वारांमुळे येतो. १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम येईपर्यंत 'कांहीं', 'नांव', 'त्यानें' असं लिहिलं जात होतं, आणि जुन्या मजकुरात ते सगळीकडे सारखंही नसतं.

यावरचा उपाय असा, की तुलनेपुरत्या दोन्ही बाजूंच्या नकला करायच्या आणि त्यांतले सगळे अनुस्वार काढून टाकायचे. 'अंत' चा 'अत' होतो, पण दोन्हीकडे सारखाच होतो, त्यामुळे तुलना बिघडत नाही. मग ऱ्हस्व-दीर्घाचे भेद तसेच बुजवायचे. एवढी चाळणी केल्यावर जे उरतं ते खरोखर वाचण्याजोगं असतं: गाळलेलं वाक्य, बदललेलं क्रियापद, सौम्य केलेलं विशेषण. डिफ निर्णय देत नाही, बोट ठेवतो. वाचायचं आपण. पण कुठं वाचायचं हे कळणं हीच संशोधनातली निम्मी मजुरी असते. पुढचं काम मला छोट्या शब्दांचं करायचं आहे. 'परंतु', 'मग', 'तेव्हा', 'असो' हे शब्द दोन्ही आवृत्त्यांत कसे पडतात ते मोजायचं आहे.

गावाचं नावही एका रूपात सापडत नाही. मराठीत झाशी आणि झांशी, हिंदीत झाँसी आणि झांसी. ग्रेपला -E या पर्यायासह एकच नमुना द्यायचा: झा[ंँ]?[शस]ी. चौकोनी कंसाचा अर्थ 'यांपैकी कोणतंही एक', प्रश्नचिन्हाचा अर्थ 'असलं तर असो, नसलं तरी चालेल'. या एका नमुन्यात चारही रूपं येतात, आणि झाशीत, झाशीहून, झाशीकडची हे शब्दही येतात, कारण मराठीत विभक्ती शब्दाच्या शेपटाला लागते आणि 'झाशी' चं सामान्यरूप बदलत नाही. 'किल्ला' बदलतो, म्हणून तिथं 'किल्ल' एवढाच तुकडा द्यायचा. शाळेत सामान्यरूप नीट शिकलेल्या माणसाला असे नमुने पटकन जमतात.

दोन, चार की बारा

'झाशी' या शब्दात अक्षरं किती? आपण दोन म्हणू. 'डब्ल्यूसी' या मोजणाऱ्या हत्याराला विचारलं तर तो चार म्हणेल: झ, काना, श, वेलांटी. त्यालाच बाइट विचारले तर बारा. युनिकोडच्या यूटीएफ-८ या पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन बाइट घेतं. तिन्ही उत्तरं खरी आहेत. मराठीतल्या बहुतेक अडचणी कोणतं हत्यार यांतली कुठली मोजणी करतं, यातून उपजतात.

या हत्यारांतला सर्वांत धोकादायक म्हणजे 'टीआर'. अक्षराच्या जागी अक्षर घालायचं किंवा अक्षर गाळायचं, एवढंच त्याचं काम. लिनक्सवर वर्षानुवर्षं प्रचलित असलेला टीआर बाइटच ओळखतो. त्याला 'अनुस्वार गाळ' असं सांगितलं, तर तो अनुस्वाराचे तिन्ही बाइट सुटे सुटे गाळतो. त्यांतला पहिला बाइट प्रत्येक देवनागरी चिन्हात असतो. म्हणजे अनुस्वार काढायला जावं आणि सगळा मजकूर मोडून पडावा. तेच काम सेडला सांगितलं तर बिनचूक होतं. देवनागरीवर काम करणाऱ्या प्रत्येकानं हा भेद पहिल्याच दिवशी शिकावा.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. 'दुसऱ्या' मधला चंद्रकोरीसारखा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो: ऱ हे वेगळं चिन्ह घेऊन, किंवा साध्या र च्या हलन्तानंतर जोड साधणारं अदृश्य चिन्ह घालून. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही हुबेहूब सारखे. ग्रेपला मात्र ते निराळे शब्द. 'ॲ' चंही तसंच. अ वर चंद्र दिला तरी तोच दिसतो, आणि २००८ मध्ये युनिकोडनं दिलेलं स्वतंत्र चिन्ह वापरलं तरी तोच दिसतो. म्हणून शोधापूर्वी सगळा मजकूर एका रूपात आणावा लागतो, नाहीतर 'हा शब्द या ग्रंथात नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. क्रम लावणाऱ्या सॉर्टला नुसत्या संकेतांकांवर सोडलं तर तो 'ळ' ला 'ल' च्या लगेच नंतर बसवतो. मराठी वर्णमालेत ळ ची जागा ह नंतर आहे. सूची करणाऱ्यानं हे पाहायलाच हवं.

देवनागरीला एक प्रमाण संकेत असावा यासाठी आपल्याकडे लवकर काम झालं होतं. कानपूर आयआयटीत १९८० च्या दशकात मोहन तांबे आणि सहकाऱ्यांनी संगणकावर भारतीय लिप्या चालवणारं जिस्ट हे तंत्र घडवलं, पुढे ते पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं. १९९१ मध्ये इस्की हा राष्ट्रीय संकेत प्रमाणित झाला, आणि युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावर आधारलेली आहे. छपाईच्या धंद्यानं मात्र कृतिदेव आणि श्रीलिपीसारखे फॉन्ट धरले, कारण पान लावायला ते सोयीचे होते. त्या सोयीची किंमत आज आपण मोजतो आहोत.

सहा ओळींचं उत्तर

या बिरादरीत एक प्रसंग सारखा सांगितला जातो. १९८६ मध्ये जॉन बेंटली यांनी आज्ञावली-लेखनावरच्या आपल्या सदरासाठी संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांना एक काम दिलं: मजकुरात सर्वाधिक वेळा येणारे शब्द काढून दाखवा. क्नूथ यांनी अनेक पानांची, अत्यंत देखणी आज्ञावली लिहिली. तिचं परीक्षण करताना मॅकिलरॉय यांनी तेच काम सहा ओळींत दाखवलं. शब्द सुटे करून एकेका ओळीवर ठेवायचे, सगळी अक्षरं लहान लिपीत आणायची, क्रम लावायचा, एकसारख्या ओळी मोजायच्या, संख्येनुसार पुन्हा क्रम लावायचा, हवे तेवढे दाखवून थांबायचं. सगळी हत्यारं आधीपासून होती, त्यांनी फक्त जोडली. अशी जोडणी करणाऱ्या 'पाइप' ची कल्पना त्यांचीच. १९६४ मधल्या एका टिपणात त्यांनी बागेतल्या पाण्याच्या नळीच्या तुकड्यांशी तिची तुलना केली होती, आणि १९७३ मध्ये ती युनिक्समध्ये आली.

त्या सहा ओळी मराठी मजकुरावर चालवल्या तर पहिल्याच पायरीला काही उरत नाही. 'इंग्रजी वर्णमालेत नसलेलं सगळं म्हणजे शब्दांमधली मोकळी जागा' असं त्या ओळीत गृहीत आहे. उत्तम हत्यारांतही ती घडवणाऱ्यांची भाषा अशी गृहीत धरलेली असते. ती ओळ बदलून देवनागरीसाठी सेडनं लिहायची. दुसरी ओळ टाकून द्यायची, कारण आपल्याकडे लहान-मोठी लिपी नाही. बाकीच्या चार जशाच्या तशा चालतात.

वापरणारी माणसं

महाराष्ट्रात ही हत्यारं आधी मोठ्या संस्थांच्या युनिक्स यंत्रांवर आली आणि १९९० च्या दशकात लिनक्सबरोबर घरच्या संगणकांवर पोचली. मासिकासोबत मिळालेली सीडी, पुण्या-मुंबईतल्या लिनक्स वापरणाऱ्यांच्या गटांच्या बैठका, एकमेकांना दिलेल्या एकेका ओळीच्या युक्त्या, असा तो प्रसार झाला. या माणसांची मदत मागायची रीत ठरलेली आहे. नमुन्याच्या चार-पाच ओळी द्यायच्या, त्यांतून काय निघायला हवं ते लिहायचं, आपण काय करून पाहिलं ते दाखवायचं. मग एकजण सेडनं उत्तर देतो, दुसरा ऑकनं, तिसरा त्याहून आखूड ओळ सुचवतो, आणि एखादा ज्येष्ठ सांगतो की ही ओळ तुमच्या यंत्रावर चालेल पण दुसऱ्या युनिक्सवर मोडेल. मोबदला कुणी मागत नाही. मला या वागण्यात जुन्या पाठशाळेची शिस्त दिसते. प्रश्न नेमका मांडायला शिकवणं हेच तिथलं खरं शिक्षण.

या शिस्तीचं सर्वांत सुंदर उदाहरण ऑकचं आहे. ऑकच्या मूळ रूपाला कित्येक वर्षं यूटीएफ-८ समजत नव्हतं, आणि 'झाशी' ची लांबी तो बारा सांगायचा. २०२२ मध्ये, वयाची ऐंशी गाठलेल्या ब्रायन कर्निहन यांनी स्वतः त्यात ती समज घातली. पुढच्या वर्षी त्यांच्या आणि सहलेखकांच्या ऑकवरच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. यूटीएफ-८ ही पद्धतही ग्रेप लिहिणाऱ्या केन थॉम्सन यांनीच रॉब पाइक यांच्याबरोबर १९९२ मध्ये, न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, ताटाखालच्या कागदावर आखली होती. म्हणजे आपल्या लिपीला या हत्यारांत जागा करून देणारे आणि ती हत्यारं मुळात घडवणारे हात पुष्कळसे तेच आहेत.

राजवाड्यातलं ग्रंथालय आणि आपल्या फाइली

झाशीच्या राजांचा मोठा ग्रंथसंग्रह होता. एप्रिल १८५८ मध्ये शहर पडल्यावर लूट झाली आणि त्या संग्रहाची धूळधाण उडाली, त्याची हकीकत गोडसे भटजींनी लिहून ठेवली आहे. त्या पोथ्यांची नावंही आज एकत्र मिळत नाहीत. किल्ल्यावरून खालचं शहर बघताना माझ्या मनात तोच संग्रह होता, कारण आपल्याकडचा अलीकडचा मजकूरही नाहीसा होतो आहे, आणि त्याला तोफा लागत नाहीत. मराठीतल्या किती दिवाळी अंकांच्या फाइली जुन्या फॉन्टांत अडकून, आता न उघडणाऱ्या पान-मांडणीच्या स्वरूपात पडल्या असतील! छापील अंक रद्दीत जातो आणि फाइल कुणाला वाचता येत नाही.

उलट उदाहरणही आपल्याजवळ आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ सालची. शिकागो विद्यापीठानं तो कोश, आणि दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' सुद्धा, शोधता येईल अशा मजकुराच्या रूपात उपलब्ध करून दिला आहे. बंडाच्या वर्षी छापलेला शब्द आज क्षणात सापडतो, आणि पंचवीस वर्षांपूर्वीच्या दिवाळी अंकातला लेख सापडत नाही. हे बदलायला फार पैसा लागत नाही. प्रत्येक अंकाचा मजकूर छपाईच्या फाइलींसोबत साध्या यूटीएफ-८ फाइलींतही ठेवायचा, आणि त्याच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी असू द्यायच्या.

जुन्या फाइलींचं काम वेगळं आहे. ते फॉन्टागणिक करावं लागतं, कारण कृतिदेवचे नियम श्रीलिपीला लागू पडत नाहीत, आणि एकाच फॉन्टच्या दोन पिढ्यांतही जागा बदललेल्या आढळतात. ज्या संपादकांकडे, अक्षरजुळणीकारांकडे किंवा लेखकांच्या वारसांकडे अशा फाइली असतील त्यांनी त्या आहेत तशा जपाव्यात, प्रत्येक फाइलीसोबत फॉन्टचं नाव आणि वर्ष लिहून ठेवावं, आणि त्याच मजकुराचं निदान एक छापील पान सोबत ठेवावं. छापील पान आणि फाइल शेजारी शेजारी असली की कोणत्या किल्लीचं कोणतं अक्षर ते लावता येतं, आणि सेडचे नियम तिथूनच लिहायला घेता येतात.